क्लॅम लेकचं जंगल आणि दुसऱ्याचा कॅमेरा

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, क्लॅम लेकच्या जंगलात दोन दिवस राहून आलो. मॅडिसनहून गाडीने साधारण पाच तास लागतात. हा शेवॉमेगन-निकोले राष्ट्रीय वनाचा भाग. एकूण वन १५ लाख एकरांच्या आसपास आणि सगळ्यांसाठी खुलं. पानं बहुतेक गळून गेली होती, पण दलदलीतली टॅमरॅकची झाडं पिवळीधमक उभी होती. सूचिपर्णी असून पानं गाळणारं हे झाड मी इथेच पहिल्यांदा पाहिलं.

नोव्हेंबरातल्या बंदुकीने शिकार करायच्या सीझनआधी जागा बघून ठेवायची होती. हरणांचा हा सीझन फक्त ९ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होणारा. सोबत ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी होते. चाळीस वर्षं ते या जंगलात येताहेत आणि मी गेल्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली शिकतोय. मी चंद्रपूरकडचा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार म्हणजे गुन्हा, त्यामुळे घरी हे समजावून सांगायला मला वेळ लागला. इथे परवाना, सीझन, संख्या सगळं ठरलेलं असतं. पण जंगलात एकमेकांशी कसं वागायचं, हे परवान्यावर छापलेलं नसतं. ते बघून बघून शिकावं लागतं.

पहिला धडा गाडीतून उतरण्याआधीच मिळाला. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याच्या गेटपाशी दोन पिकअप उभ्या होत्या. मी म्हटलं, रस्ता मोठा आहे, लावू बाजूला. सहकाऱ्यांनी गाडी वळवली. "आत दोन माणसं आधीच आहेत. पुढचं गेट बघू." आधी आला त्याची जागा, एवढा साधा हिशेब. गेट मोकळं दिसलं तरी त्याच्या तोंडाशी गाडी लावू नका, वनखात्याला आणि अग्निशमनाला तिथून आत जावं लागतं.

पुढच्या गेटपासून चाळीस मिनिटं चाललो. दलदलीच्या काठावर जमीन ताजी उकरलेली दिसली. परातीएवढी जागा, पानं बाजूला सारलेली, काळी माती वर आलेली आणि बरोबर वर, छातीच्या उंचीला लोंबणारी एक फांदी, टोक चघळून मोडलेलं. नर हरीण खुरांनी माती उकरून त्यात मुततं आणि फांदीवर आपला वास सोडतं. वाकलं की उग्र दर्प येतो. अशा जागा बघून लोक ट्रेल कॅमेरे लावतात, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. चार पावलांवर फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या खोडाला एक कॅमेरा होताच. हिरवा पट्टा सैल होऊन तो घसरला होता आणि जमिनीकडे तोंड करून बसला होता.

मला वाटलं, सरळ करून द्यावा, बिचाऱ्याचे दिवस वाया जाताहेत. हात पुढे केला, तर सहकाऱ्यांनी मनगट धरलं. "हात लावू नकोस. त्याला फोटोत फक्त अनोळखी हात दिसेल. मदत केलीस हे त्याला कसं कळणार?" मग त्यांनी लेन्सच्या रोखाने वाकून हात हलवला आणि आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो.

मला हे पटलं, कारण गेल्या वर्षी आमच्याच कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड कुणीतरी काढून नेलं होतं. झाकण उघडं टाकलेलं, आत पावसाचं पाणी. सहा आठवड्यांचे फोटो गेले. पैशांपेक्षा राग वेगळाच येतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं कॅमेरा लावून जंगल धरता येत नाही. ते झाड सगळ्यांचं आहे. पण म्हणून कुणाचा रुमाल आपण खिशात घालत नाही. कार्ड काढून "नुसतं बघणं" हेही त्यातच आलं. शिवाय प्रत्येक कॅमेरा शिकाऱ्याचाच असतो असं नाही. क्लॅम लेकला १९९५ मध्ये मिशिगनहून २५ एल्क (मोठ्या जातीची हरणं) आणून सोडले, त्यांच्या वंशजांवर लक्ष ठेवणारे कॅमेरेही इथे आहेत. ताडोब्यात वाघांच्या गणनेचा कॅमेरा दिसला तर आपण त्याच्याशी खेळू का?

आपला कॅमेरा लावताना नाव किंवा शिकार परवान्यावरचा ग्राहक क्रमांक त्यावर लिहा, पासवर्ड टाका, आणि जमलं तर डोक्याच्या वर बांधून खाली कलता ठेवा. तोंड उत्तरेकडे असलं की सूर्यामुळे फुकटचे फोटो निघत नाहीत. समोरचं गवत काढा, नाहीतर हजार फोटो गवताचेच. माणसांच्या पायवाटेवर लावू नका, आणि दुसऱ्याचा दिसला तर तिथून लांब जा. राज्य बदललं की नियम बदलतात. ॲरिझोनात जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे पूर्ण बंद आहेत, नेवाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर बंद.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. परवाना नसताना मित्राची बंदूक हातात घेऊनही बघू नका. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनात सुरक्षेचा कोर्स लागतो. तो झाला नसेल तर मार्गदर्शकासोबत जाता येतं, पण तो हाताच्या अंतरावर हवा. बंदुकीच्या सीझनमध्ये कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक केशरी किंवा गुलाबी हवेत. पांढरं काही बाहेर काढू नका, रुमालसुद्धा नाही. इथल्या व्हाइटटेल हरणाची शेपटी खालून पांढरी असते, कुणी तुम्हालाच हरीण समजेल. आणि थंडी पडली म्हणून गोचिडी गेल्या असं समजू नका. तंबूत शिरण्याआधी माझ्या मोज्यावर दोन निघाल्या.

परतताना गेटपाशी धनुष्य घेतलेले एक आजोबा भेटले. सहकाऱ्यांनी विचारलं, "हिरव्या पट्ट्याचा कॅमेरा तुमचा का? घसरलाय तो." आजोबा थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात नाही लावलात?" नाही म्हटल्यावर त्यांनी पिकअपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. सीझनच्या पहिल्या दिवशी ते नातवाला घेऊन दलदलीच्या पश्चिमेला बसणार होते. पूर्वेच्या टेकाडावर कुणी नसतं, ओढा ओलांडायला जुना लाकडी साकव आहे, हे त्यांनीच बोटाने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साकव सापडला. आमचा कॅमेरा आता त्या टेकाडावर आहे.