ड्रमर असून मशीन लावणारा माणूस

वाळूजला पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी डाय (साचे) मेंटेनन्सला आहे. रात्रपाळी सुटल्यावर बजाजनगरला येताना कानात गॉडफ्लेश हा इंग्लिश मेटल बँड. बायको म्हणते, रात्रभर ठणठणाट ऐकून पोट भरत नाही का? नाही भरत.

गॉडफ्लेश म्हणजे जस्टिन ब्रॉडरिक. जन्म 1969, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पण तिथलाच. 17व्या वर्षी शीट मेटलच्या कामावर त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. (आता दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. तरी एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवणारे बहाद्दर भेटतातच.)

ब्रॉडरिक पोरवयातच नेपाम डेथ या बँडमध्ये होता. त्यांच्या 'स्कम' अल्बमच्या पहिल्या बाजूला गिटार त्याची, रेकॉर्डिंग 1986चं. तिथून हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये ड्रम्सवर बसला. आणि 1988 मध्ये बेसवाल्या ग्रीनला घेऊन गॉडफ्लेश काढलं, तेव्हा या ड्रमर गड्यानं ड्रमर ठेवलाच नाही! ड्रम मशीन लावली. 1989चा 'स्ट्रीटक्लीनर' अल्बम ऐका. माणूस वाजवत असला की जोशात लय थोडी चढते. इथं गिटार कितीही किंचाळो, ठोका तसूभर हलत नाही. नवी डाय बसवताना आम्ही प्रेस इंचिंगवर टाकून स्लाइड, म्हणजे तिचा वरचा जड भाग, हळूहळू खाली आणतो, तेव्हा ते वजन अंगावर येतं. तसंच.

आमच्या लाइनवर पैठणकडचे एक मामा आहेत, भजनात पखवाज वाजवतात. डब्याच्या वेळी त्यांना एक इअरफोन दिला. डोळे मिटून मांडीवर बोटं चालवली. "सम तर बरोबर येऊ लागली की. पण हा वाजवणारा दमत कसा न्हाई?"

"मशीन आहे मामा."

"मंग त्यात काय कवतिक, राजा?" इअरफोन काढला आणि भाकरीला लागले.

मामांचं म्हणणं ब्रॉडरिकलाही कधी पटलं असावं. 1996च्या अल्बमवर ब्रायन मँटिया, 2001च्या 'हिम्स'वर टेड पार्सन्स, दोघं हाडाचे ड्रमर. वाजवलंय झकासच. पण मला त्यात ती दहशत सापडत नाही. दमणाऱ्या माणसाला न दमणाऱ्या यंत्राशी झुंजायला लावणं, हेच तर त्याचं खरं डोकं होतं.

2002 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर ब्रॉडरिक मनानं कोसळला आणि बँड संपला. मग जेसू हा नवा बँड काढला. तिथं त्याच्या त्याच जड गिटारवर हळवे सूर आले. 2010 मध्ये ग्रीनसोबत गॉडफ्लेश पुन्हा उभं राहिलं, आणि 2014च्या अल्बमवर ठोके परत मशीनचेच.

नवख्यांनी 1992च्या 'प्युअर'पासून सुरुवात करावी. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नका, ग्रीनचा बेस ऐकूच येणार नाही.