तुम्ही विचारलंत म्हणून: वेगवान गाडी नेमकी कोणासाठी?

नोकरीतून मोकळा झालो त्याला बरीच वर्षं झाली, तरी एक प्रश्न माझ्यामागे आहेच. "तुमचं आयुष्य रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेलं, तर तुम्हीच सांगा. दोन मोठ्या शहरांमध्ये ताशी ३०० किलोमीटरची गाडी बांधावी का? की तेवढ्या पैशात आहे तीच रेल्वे सुधारावी?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

माझं उत्तर 'बांधावी' असं आहे. मात्र लोक ती ज्या कारणासाठी मागतात, ते माझं कारण नाही. प्रवाशाचे तीन तास वाचतात ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यासाठी मी इतका पैसा मागितला नसता. मला मोल वाटतं ते जुन्या रुळांवर मोकळ्या होणाऱ्या जागेचं.

कंट्रोल म्हणजे कोणती गाडी कधी सोडायची आणि कुठे थांबवायची हे ठरवणारी खोली. तिथे आमच्यासमोर एक आलेख असायचा. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरपी रेघ. एक्स्प्रेसची रेघ चढी, मालगाडीची पसरट. सगळ्या रेघांचा उतार सारखा असला की त्या एकमेकींना चिकटून बसतात, एका तासात कितीतरी मावतात. त्यांच्यात एक चढी रेघ घातली की सगळं बिघडतं. समजा १०० किलोमीटरच्या टप्प्यात मध्ये कुठे पुढे काढायची सोय नाही. ताशी ६० ने जाणाऱ्या मालगाडीला १०० मिनिटं लागतात, ताशी १२० च्या एक्स्प्रेसला ५०. दोन गाड्यांत १० मिनिटांचं अंतर हवं. तर एक्स्प्रेस मालगाडीनंतर पूर्ण तासाभराने सोडावी लागते, नाहीतर ती मालगाडीच्या पाठीवर जाऊन थांबते. त्या तासात माझ्या पाच मालगाड्या गेल्या असत्या. एक वेगवान गाडी स्वतःची जागा धरून सहा जागा खाते. वेगातला फरक जितका मोठा, तितकी ही भूक मोठी.

उपाय म्हणून आम्ही मालगाडी लूपमध्ये घालायचो, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी करून मागची गाडी पुढे काढायची. एका रात्रीची आठवण अजून जात नाही. धान्याची गाडी एका लहान स्टेशनात लूपला घातली होती. एक एक्स्प्रेस काढली, मग दुसरी, मग उशिरा धावणारी तिसरी आली. स्टेशन मास्तर फोनवर म्हणाले, "कंट्रोल, ड्रायव्हर विचारतोय, अजून किती? त्याचे ड्यूटीचे तास भरत आलेत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकलं कोणाचंच नव्हतं, रुळावर जागाच नव्हती. पहाटे त्या गाडीसाठी दुसरा ड्रायव्हर पाठवावा लागला आणि धान्य एक दिवस उशिरा पोहोचलं. तुम्ही 'वेगवान गाडी हवी का' असं विचारता तेव्हा मला लूपमधली ती गाडी आठवते. वेगवान गाड्यांना स्वतःचे रूळ मिळाले की सर्वांत आधी ती सुटते, आणि तिच्यामागे दर स्टेशनाला थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या सुटतात.

जपानने पहिला शिंकान्सेन, म्हणजे वेगवान गाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बांधला तो याच कारणाने. तोक्यो ते ओसाका हा जुना तोकाइदो मार्ग लांबीने देशातल्या रेल्वेच्या सुमारे ३ टक्के होता, पण देशाची जवळजवळ पाव वाहतूक त्याच्या अंगावर होती. तो तुंबला होता. जुना रूळ १०६७ मिलिमीटर रुंदीचा, म्हणून नव्या मार्गाला १४३५ मिलिमीटरचा रूळ आणि संपूर्ण वेगळी वाट घेतली. १ ऑक्टोबर १९६४ ला ५१५ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. जुन्या मार्गावर सर्वांत वेगवान गाडीला साडेसहा तास लागायचे, नव्याला सुरुवातीला चार, पुढच्या वर्षी ३ तास १० मिनिटं. आता अडीच तासांच्या आत माणूस पोहोचतो. जग या तासांबद्दलच बोलतं. पण गर्दीच्या वेळी तिथे तासाला १२ नोझोमी, म्हणजे त्या मार्गावरच्या सर्वांत वेगवान गाड्या, एकाच दिशेने सोडता येतात, प्रत्येकीत १३०० हून जास्त आसनं. आलेखावर काम केलेल्या माणसाला हा आकडा वाचून भरून येतं. सगळ्या रेघा जवळपास एका उताराच्या असल्याशिवाय हे होत नाही.

सुरक्षेचं मूळही तिथेच आहे. रुळावर फाटक नाही, मालगाडी नाही, आणि ताशी ३०० ला गाडी थांबायला तीन किलोमीटरहून जास्त अंतर लागतं म्हणून सिग्नल बाहेर खांबावर नाही, ड्रायव्हरच्या समोर. रूळ सोडून किंवा टक्कर होऊन शिंकान्सेनमध्ये आजवर एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. याउलट स्पेनमध्ये २०१३ साली सान्तियागोजवळ ताशी ८० च्या वळणावर गाडी १७९ ने शिरली आणि ८० माणसं गेली. त्या वळणावर गाडी आपोआप रोखणारी यंत्रणा नव्हती. यंत्रणा आणि शिस्त यांच्यावरचा खर्च कापून केलेली स्वस्त वेगवान रेल्वे मला कोणी फुकट दिली तरी नको.

ब्रिटनचं उदाहरण मला लागतं, कारण तिथे माझ्याच बाजूचा मुद्दा नावामुळे हरला. लंडनहून उत्तरेला जाणारी वेस्ट कोस्ट मेन लाइन भरून गेली होती. दुसरा मार्ग हवा हे खरं कारण होतं. प्रकल्पाचं नाव मात्र पडलं 'हाय स्पीड टू'. लोक साहजिकच म्हणाले, बर्मिंगहॅमला अर्धा तास आधी पोहोचायला एवढे पैसे? खर्च वाढत गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरकडचा भाग रद्द झाला, तोही मँचेस्टरमध्येच केलेल्या भाषणात. म्हणजे नव्या गाड्या बर्मिंगहॅमच्या पुढे पुन्हा त्याच भरलेल्या जुन्या रुळावर उतरणार. वेग विकायला काढला आणि जागेचा मुद्दा कोणी समजावलाच नाही.

आता प्रवाशाच्या वेळेबद्दल, कारण तुम्ही तेही विचारता. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत मोजा. गाडी शहराच्या मध्यात थांबली तर अडीच-तीन तासांच्या अंतरावर विमान तिच्याशी टिकत नाही. तैवानमध्ये २००७ साली वेगवान रेल्वे सुरू झाली आणि २०१२ मध्ये तैपेई ते काओश्युंग विमानसेवा बंदच झाली. पण त्याच तैवानमध्ये मधली काही स्टेशनं शहरांपासून लांब, मोकळ्या जमिनीवर बांधली गेली. ताइनानच्या स्टेशनाला शहराशी जोडणारा रेल्वेचा फाटा यायला २०११ उजाडलं. चार वर्षं लोकांनी गाडीत वाचवलेली मिनिटं बस-टॅक्सीत घालवली. फ्रान्समध्ये आमियां आणि सां-कांतां या दोन शहरांच्या मधोमध १९९४ साली स्टेशन झालं, ना याचं ना त्याचं. भोवती बीटाची शेतं, म्हणून लोक त्याला 'बीटांचं स्टेशन' म्हणू लागले. याच फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस–लिआँ मार्गावर फार शहाणपणाची गोष्ट केली होती: नवा रूळ जुन्याच रुंदीचा ठेवला, त्यामुळे गाडी मोकळ्या माळावर नव्या रुळाने धावते आणि शहरात जुन्या रुळाने थेट जुन्या स्टेशनात शिरते. शहराच्या पोटातून नवी वाट खणायचा पैसा वाचला आणि स्टेशन माणसांजवळ राहिलं.

मला सर्वांत जास्त आवडतो तो स्वित्झर्लंडचा रस्ता. तिथे १९८७ मध्ये लोकांनी मतदानाने एक योजना मंजूर केली. त्यांनी आधी वेळापत्रक आखलं, रूळ नंतर. मोठ्या जंक्शनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी याव्यात, माणसांनी फलाट बदलावा, आणि तास उलटल्यावर सगळ्या सुटाव्यात. यासाठी दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या किंचित आत बसायला हवा. झुरिक–बर्न बसत नव्हता. म्हणून त्यांनी सुमारे ४५ किलोमीटरचा नवा तुकडा बांधला, ताशी २०० चा. डिसेंबर २००४ पासून तो प्रवास ५६ मिनिटांचा झाला आणि त्या चार मिनिटांच्या फटीत अख्ख्या देशाच्या गाड्या एकमेकींना भेटू लागल्या. ३०० चा वेग त्यांना नको होता, कारण ४० मिनिटांत पोहोचून माणूस फलाटावर २० मिनिटं बसला असता. शिवाय हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २०० वरून ३०० वर गेलात की त्या अवरोधाशी झुंजायला सव्वादोनपट जोर लागतो. तो जोर कुठे खर्चावा, हे आलेख बघून ठरवावं.

पैशाबद्दल मी गप्प बसलो तर ते अप्रामाणिक होईल. पहिल्या शिंकान्सेनच्या वेळी जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी मंजुरीसाठी खर्च मुद्दाम कमी दाखवला. जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्जही घेतलं, म्हणजे पुढच्या सरकारला माघार घेता येऊ नये. खर्च जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये ते आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा दोघेही पायउतार झाले, आणि उद्घाटनाला त्यांना बोलावलंही नाही. या दोघांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही त्यांनी आकडा लपवला ते चुकलं असंच मी म्हणेन. त्यांचा मार्ग यशस्वी ठरला म्हणून जगभर कमी आकडा सांगून सुरुवात करायची वाट रुळली. कॅलिफोर्नियात २००८ साली मतदारांसमोर वेगवान रेल्वेसाठी सुमारे ३३ अब्ज डॉलरचा अंदाज होता. आता तोच १०० अब्जांच्या वर गेला आहे आणि अजून एकही प्रवासी त्या रुळावरून गेलेला नाही. ज्या लोकांचा पैसा आहे त्यांना खरा आकडा आणि तो किती वाढू शकतो हे आधी सांगावं. एवढं सांगूनही लोक 'हो' म्हणणार नसतील तर त्यांना फसवून बांधायचा हक्क कोणाला नाही.

तुमच्यापैकी एकांनी मला विचारलं होतं, "ज्यांच्या शेतातून रूळ जाणार आणि गाडी थांबणार नाही, त्यांचं काय?" या प्रश्नावर मी सर्वांत जास्त रात्री जागलो आहे. जुन्या मार्गाची जागा मोकळी होते हे माझं कारण त्यांच्या बाजूने उभं राहू शकतं, पण मोकळी झालेली जागा त्यांना दिली तरच. जपानमध्येच १९९७ साली नागानोपर्यंत शिंकान्सेन गेला तेव्हा समांतर जुन्या मार्गावरचा योकोकावा ते कारुइझावा हा घाटातला तुकडा बंद करण्यात आला. पुढचा भाग स्थानिक कंपनीच्या गळ्यात पडला. मोठ्या शहरातला माणूस लवकर पोहोचू लागला आणि योकोकावाच्या माणसाच्या स्टेशनावर रूळच संपला. ज्या देशाने ही गोष्ट जगाला शिकवली, तिथे हे घडलं याचं मला फार वाईट वाटतं.

परवा माझा भाचा घरी आला होता. तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. कॉलेजात अशाच एका काल्पनिक मार्गाचा प्रकल्प त्याच्या गटाला दिला आहे. वळणाची त्रिज्या, पूल, बोगदे, सगळं त्याने नीट काढलं होतं. मी विचारलं, "नवा मार्ग सुरू झाल्यावर जुन्यावर किती पॅसेंजर आणि किती मालगाड्या धावतील, ते कुठल्या पानावर आहे?"

"मामा, ते विचारलेलंच नाही आम्हाला," तो म्हणाला.

मग मी जुन्या सवयीने कागद आडवा धरला, खाली वेळ लिहिली, बाजूला स्टेशनं, आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. पहिली रेघ मी त्याला पॅसेंजरची काढायला सांगितली.