पोटात दुखतंय म्हणून आणलेली पोरगी

जुलैतली गोष्ट, भातलावणीचे दिवस, आमच्या ग्रामीण रुग्णालयात मी नाईटला एकटीच सिस्टर. तीनच्या सुमारास बाईक ॲक्सिडेंटची केस आली, डोकं फुटलेलं, सोबत पंधरा-वीस माणसं आणि नुसता आरडाओरडा. ड्युटीवरचे डॉक्टर सर टाके घालायला बसले. तेवढ्यात एक आजी बारा वर्षांच्या नातीला धरून आत आली. पोटात लय दुखतंय, एकदा उलटी झाली, ओवा दिला पण उतार नाही म्हणाली. पोरगी गप्प बाकावर बसलेली. सरांनी आतूनच सांगितलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन द्या, ऑब्झर्वेशनला ठेवा, मी आलोच.

इंजेक्शन भरता भरता मी तिला घोटभर पाणी दिलं तर ते ओठाच्या कडेनं खाली आलं. गिळताच येत नव्हतं तिला. मी म्हटलं बाळा वर बघ, तर तिनं पापण्या उचलायच्या ऐवजी अख्खं डोकं मागे नेलं. आजी म्हणाली झोप आलीय तिला. मी विचारलं रात्री झोपली कुठं होती, तर खाली, चटईवर.

माझ्या पोटात गोळाच आला. मण्यार हा साप बहुतेक रात्रीच चावतो, खाली झोपलेल्याला, आणि दात इतके बारीक की बऱ्याचदा खूण दिसत नाही, सूज नाही, दुखणंसुद्धा नाही. टॉर्च घेऊन तिचे हातपाय, मान, कानामागे सगळं बघितलं, काहीच सापडलं नाही. मग विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतायत का ते कळावं म्हणून तिला एका श्वासात आकडे मोजायला लावले, चौदापर्यंत गेली. पाच मिनिटांनी परत मोजायला लावले तर आठ. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ होतं, म्हणजे मशीन बघत बसले असते तर सगळं ठीकच दिसत होतं. मी सरळ आत गेले आणि म्हटलं सर, टाके थांबवा, त्याला प्रेशर बँडेज बांधू, ही पोरगी आधी बघा. बाहेरची माणसं अंगावर आली, आमचा पेशंट रक्तानं भरलाय आणि तुम्ही पोटदुखी बघताय म्हणून. वॉर्डातल्या मामांनी दार लावून घेतलं म्हणून निभावलं.

सरांनी पापण्या बघितल्या आणि लगेच एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लावायला सांगितलं. मुलांनाही डोस मोठ्यांएवढाच, कारण साप काही वजन बघून विष सोडत नाही. १० व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या. ती पावडर घाईनं हलवली की फेस येतो, त्यामुळे तळहातांवर हळूहळू फिरवत विरघळवायची, आणि त्या वेळी हात किती थरथरतात ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनालिन भरून उशाशी ठेवलं. लुळेपणा उतरावा म्हणून निओस्टिग्मिन आणि त्यासोबत ॲट्रोपिनही दिलं, फरक पडला नाही, मण्यारीत बऱ्याचदा पडत नाही. आकडे तीनवर आले तशी सॅच्युरेशन पडायची वाट न बघता सरांनी श्वासनलिकेत ट्यूब टाकली.

व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता. १०८ आली, दुसऱ्या सिस्टरला घरून बोलावून वॉर्ड तिच्याकडे दिला आणि मी ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, घेऊन बसले. दीड तासाचा रस्ता, घाट, पाऊस, दर तीन सेकंदाला एक दाब. मोजायचं चुकू नये म्हणून मी तोंडानं मोजत होते, एक दोन तीन, एक दोन तीन. पोरीचं अंग लोळागोळा, डोळे मिटलेले. तिचा काका समोर बसून म्हणायला लागला, सिस्टर, आता काय राहिलंय तिच्यात, घरी नेऊया. मी त्याला म्हटलं दादा, तिला सगळं ऐकू येतंय, तिच्यासमोर असं बोलू नका, आणि गाडी थांबवून त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

मोठ्या दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला, बाहुल्या मोठ्या झालेल्या, हलत नव्हत्या. मेंदू गेला असेल म्हणाले. मी बॅग सोडली नाही. सर, मण्यार आहे, विषानं बाहुल्याही लुळ्या पडतात, त्यांच्यावर जाऊ नका, असं म्हणून मी तिच्या कानाशी वाकले, बाळा ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव. काही नाही. परत म्हटलं. डाव्या पायाचा अंगठा हलला, इतका थोडा की चादर असती तर दिसलाही नसता. डॉक्टरांनी स्वतः परत सांगून बघितलं, परत हलला, आणि पुढच्या क्षणी ते स्वतःच व्हेंटिलेटर जोडायला लागले.

सहा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. महिन्याभरानं आजीबरोबर चालत आमच्या कॅज्युअल्टीत आली. आजीनं खाट घेतली म्हणे, वर मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. पोरगी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, तुम्ही सारखं एक दोन तीन म्हणत होता ना, मीपण मनात म्हणत होते. मग थोडं थांबून विचारलं, काका मला घरी का न्यायला बघत होते? आजी तेव्हा केसपेपरच्या खिडकीशी होती. मी तिला जवळ घेतलं, एवढंच सुचलं मला.