जीपची ट्रान्सफर केस: उघडायच्या आधी आणि उघडल्यावर काय काय बघितलं, माझा अनुभव

आमची जीप जुनी आहे, डिझेल, फोर व्हील हाताने लिव्हर ओढून टाकायची आणि पुढच्या चाकांचे हबसुद्धा खाली उतरून हातानेच फिरवून लॉक करायचे. राहायला साताऱ्यात असलो तरी शेती बामणोलीच्या बाजूला, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा, कास ओलांडायचं आणि मग डांबरी सोडून खाली उतरायचं, तिथला शेवटचा तुकडा जूनपासून सप्टेंबरपर्यंत निव्वळ लाल चिखल. खताची पोती, डिझेलचा कॅन, लावणीला माणसं, सगळं त्याच जीपमधनं जातं, त्यामुळे फोर बाय फोर आमच्याकडे हौसेचा विषय नाही, ते नसलं तर खत वरच राहतं आणि भात खाली.

पावसाळा संपत आला तेव्हा दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे फोर हाय (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाकून कच्च्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या स्पीडला पायाखालून घूंऽऽ असा आवाज, स्पीड वाढला की आवाज वाढणार. आणि दुसरी जास्त घाबरवणारी, फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त) टाकून भरलेली गाडी खड्या चढाला घातली की मधूनच खाड्! करून एक झटका बसायचा, अख्खी बॉडी हादरायची, आणि पुन्हा गाडी ओढायला लागायची जसं काही झालंच नाही.

ज्या गॅरेजला आधी दाखवली त्यांनी गाडीखाली न वाकताच सांगितलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) गेली, भंगारातनं दुसरी आख्खी आणून टाकू. आता भंगारातल्या केसमध्ये आत काय आहे ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही, मग आपली एक खराब काढून दुसऱ्याची खराब का बसवायची हे मला काही पटेना. म्हणून एमआयडीसीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो, जुन्या जीपा त्यांच्या हाताखालून खूप गेल्यात. त्यांचं पहिलं वाक्य, "दादा, आवाज कुठनं येतो ते मी बघतो, तुम्ही फक्त कधी येतो ते नीट सांगा."

पुढचं कळायला आतली रचना थोडी माहीत पाहिजे, मला मिस्त्रींनी समजावली तशीच सांगतो. गिअरबॉक्सच्या मागे ही केस असते. आमच्यासारख्या पार्ट टाइम फोर व्हीलमध्ये टू हाय असताना ताकद सरळ मागच्या शाफ्टला (केसपासून अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरणारा लांब दांडा) जाते. फोर टाकलं की पुढच्या शाफ्टची आतली चेन केसच्या मुख्य शाफ्टला जोडली जाते आणि पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात. लो टाकलं की प्लॅनेटरी गिअरमधनं स्पीड कमी होऊन जोर वाढतो. (काही गाड्यांत चेन नसते, सगळे गिअरच असतात, त्यात थोडा गुणगुणाट नवीन असल्यापासूनच असतो, त्याला घाबरून केस उघडू नका.) म्हणजे कुठल्या पोझिशनला कुठला भाग फिरतोय हे कळलं की निम्मं निदान गाडी न उघडता होतं, आणि आमचं खरंच तसंच झालं.

पहिली टेस्ट, टू हाय, हब मोकळे. यात पुढचा शाफ्ट जागेवर उभा असतो. मिस्त्री शेजारी बसले, मी हायवेच्या सर्व्हिस रोडने चालवली, आवाज अजिबात नाही. म्हणजे गिअरबॉक्स, केसचं इनपुट बेअरिंग, मागचा शाफ्ट, मागचा डिफ (अ‍ॅक्सलमधला डिफरेन्शियल), सगळे सुटले. मग टू हायच ठेवून हब लॉक केले. आता चाकं पुढचा अ‍ॅक्सल फिरवतात, अ‍ॅक्सल पुढचा शाफ्ट फिरवतो, शाफ्ट केसमधली चेन फिरवतो, पण जोर कशावरच नाही. आणि आवाज आला! बारीक होता पण तोच. आता प्रश्न एवढाच राहिला की पुढच्या डिफमधनं, शाफ्टच्या क्रॉसमधनं (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा), का केसमधनं.

क्रॉस तर गाडी उभी करूनच बघता येतात, शाफ्ट हातात धरून उलटा-सुलटा फिरवायचा, कपात खडखड लागली किंवा कडेला गंजाची लाल पूड दिसली की क्रॉस गेला. बरेच जण केसच्या नावाने रडतात आणि असतो नुसता एवढासा क्रॉस. आमचे ठीक होते, ग्रीस पण बऱ्यापैकी होतं.

मग मिस्त्रींनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून गाडीत ठेवला. हब मोकळे केले, म्हणजे पुढचा डिफ पण गप्प. आणि लिव्हर फोर हायला. आता गाडी चालते मागच्याच चाकांवर, पण केसच्या आत चेन आणि पुढच्या आउटपुटचं बेअरिंग फिरतंय, आणि बाहेर दुसरं काहीच जास्तीचं फिरत नाही. थोडंच अंतर गेलो असू, घूंऽऽ. मिस्त्री म्हणाले, "झालं, आता उघडायला हरकत नाही." (ही टेस्ट पार्ट टाइमवाल्यांनीच आणि शाफ्ट फ्लँजला (केसच्या तोंडावरची गोल चकती) बोल्टने असेल तरच करा. शाफ्ट केसमध्ये सरकवून बसवलेला असेल तर तो ओढला की तिथनं ऑइल येतं. फुल टाइमवाल्या गाडीत मध्ये डिफ असतो, त्याचं वेगळं आहे.)

राहिला तो खाड् झटका. तो दोन कारणांनी होऊ शकतो, गिअर निसटून किंवा चेन दातावरनं उडून. त्यांनी विचारलं की झटका बसल्यावर लिव्हर जागेवर असतो का न्यूट्रलला येतो, इंजिन मोकळं पळतं का. माझा लिव्हर हलत नव्हता आणि गाडी लगेच पुन्हा ओढत होती. लिव्हर निसटत असेल तर आतला फोर्क (गिअर सरकवणारा दुबेळका) झिजलेला असतो नाहीतर त्याला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग गेलेली असते, आमच्याकडे ते नव्हतं, म्हणजे ताणलेली चेन जोरात उडत होती.

आता ऑइल. इथे एक गोष्ट ठळक सांगायची आहे. खालचा ड्रेन नट खोलायच्या आधी वरचा भरायचा नट खोलून बघा, नेहमी. वरचा जाम असेल, त्याचा चौकोन घसरला असेल आणि तुम्ही आधी खालचा खोलून सगळं ऑइल सांडलं, तर गाडी रिकामी केस घेऊन तिथेच उभी राहणार. आमचा वरचा नट जामच होता, रात्रभर गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलं, सकाळी लांब पाईप लावून सुटला.

आमच्या गाडीच्या पुस्तकात या केसला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सांगितलंय. खालचा नट सोडला तर बाहेर आलं ते थेट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, घट्टसर. म्हणजे आत पाणी. मिस्त्रींनी त्यातलं थोडं एका पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणात पसरलं आणि झाकणाच्या खालून चुंबक फिरवला. करडी बारीक भुकटी चुंबकाच्या मागे मागे रेघ ओढत गेली, ते लोखंड, बेअरिंग आणि चेनचं. पण चमकणारे बारीक कण जागचे हललेच नाहीत, चुंबक खालून गेला तरी तसेच. ते अ‍ॅल्युमिनियम. केसची बॉडीच अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे ढिली झालेली चेन आतनं बॉडीला घासत होती. केस अजून गाडीलाच होती आणि आत काय दिसणार ते त्या झाकणात दिसलं.

मग उतरवली. जड असते, खाली झोपून छातीवर घ्यायचा प्रकार कुणी करू नका, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट बसवून गिअरबॉक्सच्या जॅकनेच उतरवावी. उघडल्यावर बॉडीच्या आतल्या भिंतीवर चेनने ओढलेली चकचकीत पट्टी होती, चेन बोटाने स्प्रॉकेटवरनं (चेनचं दातेरी चाक) चांगलीच उचलली जात होती. पुढच्या आउटपुटचं बेअरिंग हातात फिरवलं तर कर्रकर्र, रेसवर गंजाचे खड्डे. प्लॅनेटरी गिअर, फोर्क, मागचं बेअरिंग सगळं चांगलं निघालं, आणि मला खरंच हायसं वाटलं, कारण आख्खी केस भंगारात देऊन टाकायची गोष्ट चालली होती आणि तिचा महागातला सगळा भाग ठणठणीत होता.

स्प्रॉकेटचे दात पण बघितले, एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असते तर चेनबरोबर तेही बदलावे लागले असते, नाहीतर नवी चेन लवकर जाते. आमचे चालण्यासारखे होते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि सीलवर माप, आतलं-बाहेरचं-जाडी, ते लिहून नेलं की गाडीचं नाव सांगायची पण गरज नाही, साताऱ्यातच बेअरिंगच्या दुकानात मिळालं. चेन मात्र पुण्याहून नाना पेठेतनं मागवावी लागली. केस उघडलीच आहे म्हटल्यावर इनपुटचं, पुढचं, मागचं अशी सगळी सील नवीन घातली, सील स्वस्त असतं आणि मजुरी महाग, एका गळक्या सीलसाठी पुन्हा हाच कुटाणा नको.

पुढच्या फ्लँजवर जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे नखाला लागेल एवढी चर पडली होती. अशा चरीवर कितीही नवं सील घाला, गळणारच. लेथवाल्याकडे देऊन त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घेतली. हे काम बरीच गॅरेज सोडून देतात आणि मग गिऱ्हाईक म्हणतं सील डुप्लिकेट निघालं.

बसवताना मिस्त्रींनी दोन गोष्टींवर खूप वेळ घातला. आत ऑइल पंपाची बारीक जाळी असते, ती पेट्रोलने धुऊन उजेडात धरून बघितली. आणि दोन अर्धी जोडताना सिलिकॉन अगदी बारीक रेघ, कारण जास्तीचं आत पिळून तुटतं आणि त्याच जाळीत जाऊन बसतं, मग पंप कोरडा. बाहेरनं भरपूर सिलिकॉन दिसलं की लोकांना काम पक्कं वाटतं, पण उलट आहे.

पाणी शिरलं कुठून हे शोधल्याशिवाय मी गाडी नेणार नव्हतो. केसला वर एक ब्रीदर असतो, आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जायला. आमच्या ब्रीदरची रबरी नळी निसटून चिखलाने बुजलेली. घाट चढून केस गरम झालेली, तशीच गाडी ओढ्यात उतरते, थंड पाण्याने केस गार होते, आतली हवा आकसते आणि जिथे फट मिळेल तिथनं पाणी आत ओढून घेते. आणि ब्रीदर पूर्ण बुजला तर उलटं, आतला दाब वाढून सील गळायला लागतात. आता नळी नवी घालून वर बॉनेटखाली इंजिनमागच्या भिंतीपर्यंत नेऊन बांधली आहे, तोंड खाली वळवून. या सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त हीच नळी, आणि बाकीचं बरंचसं तिच्यामुळे झालेलं.

ऑइल भरताना पण बघा, वरच्या नटाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे, गाडी सपाट जागेवर पाहिजे. सरसकट सगळीकडे ९० नंबरचं गिअर ऑइल ओतायची सवय असते, तसं करू देऊ नका, पुस्तकात एटीएफ असेल तर एटीएफच. गिअरबॉक्सची लेव्हल पण त्याच वेळी बघा, मधलं सील गेलं असेल तर एकाचं ऑइल दुसऱ्यात जातं, एक कमी आणि एक जास्त भरलेलं सापडतं, बाहेर मात्र थेंब नाही.

काम संपल्यावर खर्च आधीच्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आत बसला, लेथ धरून.

चेन ताणायचं अजून एक कारण मिस्त्रींनी सांगितलं आणि ते कासला येणाऱ्या नव्या फोर बाय फोरवाल्यांनी आवर्जून वाचावं. पाऊस पडतोय म्हणून लोक यवतेश्वरच्या डांबरी घाटातच फोर हाय टाकून जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात, पण दोन्ही शाफ्ट तर एकत्र बांधलेले, हा फरक चिखलात चाक घसरून निघून जातो, डांबरावर, ओल्या डांबरावर सुद्धा, निघत नाही. तो ताण चेन, गिअर, क्रॉस यांच्यावर साठतो, स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते आणि लिव्हर टूला यायलाच तयार होत नाही. अशा वेळी लिव्हरला लाथा घालू नका, सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर आपोआप येतो. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर, किंवा पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, यानेही सरळ रस्त्यावर सुद्धा हाच ताण येतो. माझे पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा बरेच झिजलेले होते, आता चारही एकसारखे घातलेत.

आणि फोर टाकून पुढची चाकं ओढतच नसतील तर केसवर शेवटी जा. आधी हब, व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर त्यांच्या नळ्या, बटणाची गाडी असेल तर शिफ्ट मोटर, तिची वायर आणि फ्यूज. चुलतभावाच्या बटणाच्या गाडीत नुसता पाण्याने हिरवा पडलेला कनेक्टर निघाला होता.

गाडी मिळाल्यावर थोडी चालवून ते नवीन एटीएफ मुद्दाम पुन्हा काढून टाकलं, आत कोपऱ्यात राहिलेलं पाणी त्याच्याबरोबर निघावं म्हणून. लाल होतं, गुलाबीपणा अगदी किंचित, नटाच्या चुंबकावर करड्या पेस्टचा पातळ थर, तेवढा चालतो असं मिस्त्री म्हणाले, बोटाला टोचणारा तुकडा नसला की झालं. पुन्हा ताजं भरलं. फोर लोमध्ये खत भरून तोच चढ चढवून झालाय, झटका नाही, आवाज नाही. आता दरवर्षी पाऊस संपला की ऑइल आणि ब्रीदरची नळी बघायची असं ठरवलंय, पुढचं काम दिवाळीच्या आधी.