लाइक शंभर, ऑर्डर एकही नाही

मी कोल्हापुरात चटणी करून विकते. बाहेरच्यांसाठी सांगते, चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. आमच्यात त्याला चटणीच म्हणतात. या एका शब्दानं माझे बरेच पैसे घालवले, पण ते पुढं येईल.

दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर दुकानाचं पान काढलं आणि एका एजन्सीला चालवायला दिलं. महिन्यानं त्यांचा रिपोर्ट आला. रीच 18,400, इम्प्रेशन्स 41,000, त्यात ऑर्गॅनिक इतकं, पेड तितकं. मी फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं, "अहो, आमची मिरची ऑर्गॅनिक नाही, तसं कुठं लिहू नका." पलीकडचा पोरगा हसला नाही, ही त्याची माणुसकी. त्या महिन्यात ऑर्डर एकही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अठरा हजार माणसं बघून गेली आणि पाव किलोबी कुणी नेली न्हाई व्हय?"

पुतणी पुण्यात असते. सुट्टीला आली तेव्हा रिपोर्ट तिच्यापुढं टाकला. ती म्हणाली, "काकू, आधी उधारीची वही आण, तिच्या मागच्या पानावर लिहू." तिनं मला सगळं दुकानाच्या भाषेत सांगितलं. समज, महाद्वार रोडवर दुकान आहे आणि एक बाई देवळात जाता-येता तीनदा समोरून गेली. रीच एक, इम्प्रेशन्स तीन. (आता इन्स्टाग्राम इम्प्रेशन्सऐवजी व्ह्यूज दाखवतं, हे ज्याच्या हाती जुना रिपोर्ट असेल त्यानं ध्यानात ठेवावं.) ती थांबून "छान वास येतोय" म्हणाली की एंगेजमेंट. भाव विचारला की लीड. पैसे मोजून पुडी नेली की कन्व्हर्जन. पोस्ट पैसे न भरता दिसली तर ऑर्गॅनिक, भरून दिसली तर पेड. सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही.

सीपीएम मला आवडला. जाहिरात हजार वेळा दाखवायचा खर्च. त्यातला एम लॅटिनमधल्या हजाराचा, मिलेनियममधला तोच. सीटीआर म्हणजे शंभरदा दिसली तर किती वेळा बोट लागलं. या दोन्ही आकड्यांत आमची जाहिरात बरी होती, एंगेजमेंट तर फारच चांगली. शंभरावर लाइक, चाळीसेक कमेंट. मग पुतणीनं त्या कमेंट मोठ्यानं वाचायला घेतल्या.

"आमच्यात तीळ भाजून घालतात." "खोबरं कमी दिसतंय." "ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी निम्मी घ्या, रंग बघा." "आमच्या आईच्या हातची वेगळीच."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. टार्गेट ऑडियन्स, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची ते, उघडून बघितलं तर ठिकाण कोल्हापूर आणि भोवतीचे 25 किलोमीटर. महिना एप्रिलचा. म्हणजे ज्या गावात घरोघरी गच्चीवर मिरच्या वाळत होत्या आणि डंखावर, म्हणजे कांडप यंत्रावर, चटणी कांडायला रांग होती, तिथल्या बायकांना मी पैसे भरून चटणी दाखवत होते! शिवाय बूस्ट करताना, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवताना, विचारतात, तुम्हाला काय हवंय: प्रोफाइलवर माणसं, वेबसाइटवर माणसं की मेसेज? एजन्सीनं प्रोफाइल निवडलं होतं. माणसं प्रोफाइलवर आली, बघून गेली. मागितलं तेच मिळालं. वर जाहिरातीच्या पैशावर 18 टक्के जीएसटी वेगळा, हे बिल बघितल्यावर कळलं.

पुढचं बूस्ट मीच केलं. ठिकाण पुणे, ठाणे, मुंबई. मेसेज निवडला. खाली एकच ओळ, "ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप करा", तिला कॉल टू ॲक्शन म्हणतात. पाच दिवसांत बारा मेसेज आले आणि त्यातल्या सात जणांनी विचारलं, "ही चटणी किती दिवस टिकते? फ्रिजमध्ये ठेवायची का?" त्यांच्या डोळ्यांपुढं नारळाची, कोथिंबिरीची ओली चटणी. इंग्रजी शब्द पाठ करण्यात महिना घालवला आणि अडलं माझ्याच तोंडातल्या शब्दाशी. कॅप्शन बदललं: "कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. भाजीत, आमटीत, भाकरीवर तेल घालून." पुढच्या खेपेला 31 लीड, 9 कन्व्हर्जन. बाकीचे बहुतेक कुरिअरचा खर्च ऐकून गप्प झाले. तिथं मार्केटिंगचा शब्द कामाचा नव्हता, कुरिअर परवडावं म्हणून एक किलोचं पाकीट करावं लागलं.

मधे एका इन्फ्लुएन्सरचा मेसेज आला, "बार्टर कोलॅब करू या". म्हणजे दोन किलो चटणी फुकट, बदल्यात एक रील. मी हो म्हटलं, पण रीलवर जाहिरात असं लिहा म्हणून सांगितलं. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांत फुकट मिळालेली वस्तूही त्यात येते. त्यानंतर उत्तर आलं नाही. चटणी वाचली.

एजन्सी बंद केली. आता महिन्याला एकदा बूस्ट, वहीत तीनच रकाने: खर्च, लीड, कन्व्हर्जन. रीच मी बघतच नाही, सासूबाईंना मात्र तो आकडा ऐकायला आवडतो.

कोल्हापूरच्या बायका अजून कमेंटमध्ये येतात. मागच्या आठवड्यात तीळ भाजून की कच्चे यावर दोघींचं जुंपलं. मी दोघींना उत्तरं दिली. ते सगळं ऑर्गॅनिक.