पोस्टर दुरून, मासिक हातात

शाळेच्या मीडिया कोर्सला प्रॅक्टिकलमध्ये दोन कामं असतात, एक म्हणजे मासिकाचं कव्हर आणि आतली थोडी पानं, आणि दुसरं त्याच विषयावरचं पोस्टर. मी हा कोर्स शिकवते आणि पहिले ड्राफ्ट हातात आले की बहुतेकांचं पोस्टर म्हणजे मोठं केलेलं कव्हरच असतं. तोच फोटो, तीच हेडलाइन, तेच मुद्दे, फक्त ए४चा ए३ झालेला. मुलं मेहनत भरपूर घेतात, सॉफ्टवेअरही पटापट शिकतात, पण हे बघणारा माणूस कुठे उभा असणार आहे हा प्रश्न मात्र कुणी विचारलेलाच नसतो. माझ्या मते फॉन्ट, रंग, फोटो सगळं त्या एका प्रश्नानंतर येतं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

म्हणजे बघा, पोस्टर बघायला कुणी येत नाही. माणूस दुसऱ्याच कामाला निघालेला असतो, चालता चालता नजर जाते, त्याला तिथे थांबवायचं असतं. कव्हर बघणारा हातभर अंतरावर असतो पण त्याच्यासमोर अजून पाच-दहा मासिकं मांडलेली असतात. आणि आतलं पान वाचणारा तर बसलेला असतो, त्याने आधीच ठरवलंय वाचायचं, त्याला फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. तीन अंतरं, तीन मूड, मग एकच डिझाइन तिघांना कसं चालेल?

पोस्टरपासून सुरू करते कारण तिथे सगळ्यात जास्त काटछाट करावी लागते आणि मुलांना तेच जड जातं. आमच्या वर्गात एक नियम आहे, ड्राफ्ट कसाही असो, साध्या कागदावर प्रिंट काढायचा, कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीवर चिकटवायचा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन मोठ्याने वाचायचा. एका मुलीने वापरलेल्या पुस्तकांच्या अदलाबदलीचं पोस्टर केलं होतं. मागे पुस्तकांच्या गठ्ठ्याचा फोटो, त्यावर पिवळी अक्षरं, अक्षरांना आउटलाइन, आउटलाइनला शॅडो, खाली आठ ओळींचं निवेदन आणि चार कोपऱ्यांत चार लोगो. स्क्रीनवर ते खरंच छान दिसत होतं. भिंतीवर लावलं आणि लांबून बघितलं तर फक्त पिवळा पट्टा. मग तिने पेन्सिल घेतली आणि प्रिंटवरच एकेक गोष्ट खोडत गेली, हे गेलं तर काही अडतं का, नाही, मग काढ. शेवटी उरलं काय तर एक पुस्तक, त्याला दोन बाजूंनी धरलेले दोन हात, आणि वर दोनच अक्षरं, “दे. घे.” खाली कधी आणि कुठे. बस. ते पोस्टर लावलं तेव्हा मुलं खरंच थांबून बघत होती, आणि थांबली की जवळ येऊन खालचं बारीक वाचत होती. पोस्टरवरचं बारीक अक्षर हे असं दुसऱ्या फेरीत वाचलं जातं, पहिल्या फेरीत त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवायची नाही.

साइनबोर्ड करणारे लोक एक ठोकताळा वापरतात, एक इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे २० फुटांवरून वाचायला हवं असेल तर दोन इंच. आता ए३ कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा, म्हणजे रुंदीला पावणेबारा इंचसुद्धा नाही, त्यात कडेची जागा सोडली तर दोन इंची अक्षरं एका ओळीत पाच-सहा मावतात. हे गणित एकदा फळ्यावर मांडलं की “मॅडम, हेडलाइन अजून एक ओळ वाढवू का” हा प्रश्नच बंद होतो. आणि अजून एक, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच हे बरोबर आहे, पण फॉन्टची साइज ७२ ठेवली म्हणून अक्षर एक इंच उंच येत नाही, ते कमीच भरतं कारण त्या मापात वरची-खालची मोकळी जागा पण धरलेली असते. प्रिंट काढून पट्टीने मोजा.

जुनी पोस्टर बघायला मी नेहमी सांगते, आणि त्यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कसांद्र या फ्रेंच पोस्टर-चित्रकाराचं १९३५ चं ‘नॉर्मंडी’ या जहाजाचं पोस्टर. इंटरनेटवर सहज सापडेल, मोठं करून बघा. जहाज समोरून, अगदी पाण्याच्या पातळीवरून बघितल्यासारखं, कागद भरून वर चढत गेलेलं, आणि खाली पाण्याजवळ चिमुकल्या पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. ते पक्षी काढून टाकले ना तर जहाज मोठं वाटणारच नाही, सगळा आकार त्या पक्ष्यांमुळे कळतो. शब्द किती, तर जहाजाचं नाव, कंपनीचं नाव आणि बंदरांची नावं. कुठेही “भव्य” असं लिहिलेलं नाही. तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराचं १८९१ चं, पॅरिसच्या मुलँ रूज या नाचगाण्याच्या क्लबचं पोस्टर पण असंच, मागे काळी सावलीसारखी माणसं, मध्ये नाचणारी बाई, सपाट रंग. ते लिथोग्राफीचं तंत्र होतं, दगडावरून छपाई, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा त्यामुळे रंग मोजूनमापून वापरावे लागायचे. आज स्क्रीनवर लाखो रंग फुकट आहेत म्हणून आपण सगळे वापरतो. मी मुलांना पोस्टरला तीन रंगच देते, कागदाचा पांढरा धरून. आधी कुरकुर होते पण कामं हमखास सुधारतात.

आता कव्हर. इथे मुलांचं पहिलं भांडण फोटोशी होतं, कारण फोटो आधी काढलेला असतो आणि मग त्यावर नाव कुठे टाकायचं ते शोधत बसतात. फोटो काढतानाच वर नावाची जागा सोडायला हवी. मोबाइल उभा धरा, डोक्याच्या वर बरीच मोकळी जागा ठेवा, एका बाजूला थोडी ठेवा कारण तिथे कव्हरलाइन्स, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या छोट्या ओळी येणार, आणि मागची भिंत साधी असू द्या. डोक्याचा थोडा भाग मास्टहेडच्या, म्हणजे मासिकाच्या नावाच्या अक्षरांवर आला तर चालतं, उलट छान खोली येते, पण नाव ओळखू आलं पाहिजे. नव्या मासिकाचं नाव झाकायचं नाही, तो हक्क जुन्या मासिकांचा, ज्यांचं नाव अर्धं दिसलं तरी लोक ओळखतात. नॅशनल जिओग्राफिकची पिवळी चौकट १९१० पासून आहे, टाइमची लाल चौकट १९२० च्या दशकातली, ती दिसली की नाव वाचावंच लागत नाही. म्हणून मी एकाऐवजी दोन अंकांची कव्हरं करायला लावते, दुसरा अंक केला की लगेच कळतं आपल्या कव्हरमध्ये कायम राहणारं काय आणि दर अंकाला बदलणारं काय.

एस्क्वायर या अमेरिकन मासिकाचं एप्रिल १९६८ चं कव्हर पण दाखवते मी. बॉक्सर मुहम्मद अली, पांढरी पार्श्वभूमी, अंगात बाण घुसलेले, बाजूला अगदी थोडे शब्द. व्हिएतनाम युद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून आदल्या वर्षी त्याचं विजेतेपद काढून घेतलं होतं, ते सगळं त्या एका फोटोत आलंय. एस्क्वायरची कव्हरं करणाऱ्या जॉर्ज लोइसची कल्पना होती ती. वर्गात ते कव्हर लावलं की काही वेळ कुणी बोलत नाही आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो, आणि कव्हरचं कामच ते, आत काय आहे असं विचारायला लावणं.

पण सगळ्या कव्हरना असं जमत नाही, कव्हरलाइन्स लागतातच, आणि त्या लिहिणं हे डिझाइनइतकंच काम आहे. “विज्ञान विशेष”, “क्रीडा जगत”, “आरोग्य मंत्र” असल्या ओळी कुणालाच काही सांगत नाहीत. “परीक्षेच्या आदल्या रात्री झोप का येत नाही?” ही कव्हरलाइन. एक मोठी, दोन मध्यम, बाकी लहान, सगळ्या सारख्या साइजच्या ठेवल्या तर ती यादी होते. आणि कव्हर स्क्रीनवर अगदी नखाएवढं करून बघा, तेव्हासुद्धा मास्टहेड, चेहरा आणि मोठी ओळ कळली पाहिजे.

आतल्या पानांचं कागदी काम आधी करा, प्लीज. कोरे कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला आणि पेन्सिलने पान नंबर टाका, डमी तयार. मधे पिना मारून बांधायचं असेल तर पानं चारच्या पटीतच येतात कारण दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात, त्यामुळे दहा पानांचं मासिक असं काही नसतं, आठ करा नाहीतर बारा. विषम पानं उजवीकडे. आणि समोरासमोरची दोन पानं स्क्रीनवर एकसंध दिसतात पण छापताना ती वेगवेगळ्या कागदांवर असतात, फक्त अगदी मधली जोडी एकाच कागदावर असते. म्हणून दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो घ्यायचा असेल तर मधल्या जोडीवर घ्या, आणि तिथेही चेहरा घडीवर येऊ देऊ नका, नाक घडीत गेलेला माणूस फार वाईट दिसतो.

मजकुरासाठी दोन किंवा तीन कॉलम ठरवा आणि सगळ्या पानांवर तेच ठेवा. फोटो एक कॉलम, दोन कॉलम किंवा पूर्ण रुंदी, मधलं काही नाही. ही शिस्त एकदा लागली की पान आपोआप नीट दिसायला लागतं.

मराठीतून करत असाल तर हे वाचाच, कारण ऑनलाइन ट्यूटोरियल्स सगळी रोमन अक्षरं धरून असतात आणि आपल्या अक्षरांना ते तसंच लावलं की गडबड होते. तिथे हेडलाइनची अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवायची फॅशन आहे, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द पडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे जोर द्यायचा तर जाड अक्षर किंवा मोठी साइज वापरायची, तिरकं अक्षर शक्यतो टाळा. दोन ओळींत जागा जास्त लागते कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकतात. त्याच पॉइंट साइजला आपलं अक्षर रोमनपेक्षा बारीक वाटतं, तिकडे १० पॉइंट म्हणत असतील तर तुम्ही ११-१२ करून बघा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर जोडाक्षर आणि काना-मात्रा सकट पूर्ण अक्षर घ्या, “प्र” मधला नुसता “प” मोठा झालेला बघवत नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल तर फॉन्ट बदलत बसू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट फुकट आहेत, युनिकोड आहेत आणि जाडीचे बरेच प्रकार मिळतात, एक मजकुराला आणि एक शीर्षकाला, दोन फॉन्ट पुरे. इनडिझाइन नसेल तर स्क्राइबस फुकट आहे, कॅनव्हावरही होतं, त्याने मार्क कमी होत नाहीत.

छपाईचं पटकन सांगते. ए४ला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, बऱ्याच मोबाइलचा मूळ फोटो तेवढा असतो, पण तोच व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पोस्टर दुरून बघायचं असल्यामुळे तिथे २०० डीपीआयसुद्धा चालून जातं. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा, कटिंगमध्ये थोडं इकडेतिकडे होतंच. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत मंद होतो, आधीच बदलून बघा. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार शाया मिळून बनलेल्या काळ्यात बारीक अक्षरं फिसकटतात. आणि फोटो स्वतःचे काढा, गुगलवरून उचललेला फोटो हा कुणाचा तरी असतो.

शेवटी कामासोबत एक निवेदन लिहायचं असतं, कुठला निर्णय का घेतला त्याचं. त्यात “निळा रंग शांत वाटतो म्हणून निळा घेतला” अशी वाक्यं मी इतकी वाचलीयेत. असं लिहू नका, तुमच्या वाचकाबद्दल आणि जागेबद्दल लिहा, आणि जुने ड्राफ्ट फेकू नका, ते सोबत लावा, परीक्षकाला तेच बघायचं असतं. त्या पुस्तकांच्या पोस्टरवाल्या मुलीने लिहिलं होतं, कॉरिडॉरची भिंत फिकट पिवळी आहे, पिवळ्यावर पिवळं उठून दिसलं नाही, म्हणून गडद निळ्या कागदावर पांढरे हात काढले, आठ ओळी काढून टाकल्या कारण तिथे उभं राहून आठ ओळी वाचणारं कुणी दिसलं नाही, तारीख मात्र ठेवली आणि ती डोळ्यांच्या उंचीला येईल असं पोस्टर लावलं. एवढंच, अर्धं पान, सोबत पेन्सिलने खोडलेला तो पहिला प्रिंट जोडलेला.