पर्जन्यमापकाचा ड्रायव्हर

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदाराला डाऊनी या रोगाची धास्ती असते, आणि अशा वेळी तालुक्याच्या सरासरीपेक्षा आपल्याच बागेत किती मिलिमीटर पाऊस पडला, हे कळणे त्याला अधिक उपयोगाचे ठरते. लिनक्स कर्नलचे, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागाचे, ड्रायव्हर (उपकरणे हाताळणारा कोड) शिकण्यासाठी मी म्हणूनच कलत्या वाटीचा पर्जन्यमापक निवडला. ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की त्याची वाटी कलते, तिचे चुंबक रीड स्विचजवळून जाते आणि बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डाच्या एका जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट) पिनवर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा संकेत, येतो.

स्विचचे पाते मिटताना थरथरते, त्यामुळे वाटी एकदा कलली तरी अनेक इंटरप्ट येऊ शकतात. मागील नोंदीनंतर ठरावीक मिलिसेकंद उलटले नसतील तर नवा इंटरप्ट मोजायचा नाही, हा त्यावरचा सोपा उपाय. कसोटी त्यापुढे लागते. वीज गेली तरी आकडा टिकावा म्हणून तो आयटूसी बसवरील (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावरील) ईईप्रॉम या मेमरी चिपमध्ये लिहायचा, तर तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, आणि इंटरप्ट हँडलरला, म्हणजे इंटरप्ट येताच चालणाऱ्या फंक्शनला, झोपण्याची (थांबून वाट पाहण्याची) मुभा नसते. सामायिक माहितीला कुलूप लावायचे तर तेथे वाट पाहताना झोपवणारा म्युटेक्स चालत नाही, न झोपता वाट पाहायला लावणारा स्पिनलॉक घ्यावा लागतो. मेमरी मागताना झोपू शकणाऱ्या जीएफपी_कर्नल या पर्यायाऐवजी न झोपणारा जीएफपी_ॲटॉमिक द्यावा लागतो. म्हणून हँडलरने केवळ संख्या वाढवून बाजूला व्हावे आणि लिहिण्याचे काम थ्रेडेड इंटरप्टच्या थ्रेडवर, ज्याला झोपता येते, सोपवावे. आपला कोड या क्षणी कोणत्या परिस्थितीत चालतो आहे, हे प्रत्येक फंक्शनपाशी तपासण्याची सवय लागणे, हाच माझ्या मते या शिक्षणाचा गाभा आहे. सी भाषेवरील प्रभुत्व त्यामानाने दुय्यम.

डिव्हाइस ट्री या बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनामधील ‘कम्पॅटिबल’ ही नोंद ड्रायव्हरमधील नोंदीशी तंतोतंत जुळली नाही, तर उपकरण सुरू करणारे प्रोब फंक्शन चालतच नाही आणि कर्नल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जुनी ट्यूटोरियल्सही जपून वापरावीत, कारण कर्नलचे अंतर्गत इंटरफेस बदलत राहतात. उपकरणांचा वर्ग तयार करणाऱ्या क्लास_क्रिएट या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट २०२३ मध्ये, ६.४ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आला.

प्रत्यक्ष बागेत बसवण्यासाठी मात्र मी असा ड्रायव्हर सुचवणार नाही. इंटरप्ट मोजणारा सर्वसाधारण ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच आहे, शिवाय लिबजीपीआयओडी या लायब्ररीच्या साहाय्याने पिनवरील बदल वेळेच्या नोंदीसह युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममध्ये, वाचता येतात. तेथील प्रोग्राम कोसळला तर तो पुन्हा सुरू करता येतो, परंतु कर्नलमधील एक चुकीचा पॉइंटर संपूर्ण बोर्ड बंद पाडू शकतो.